प्रेक्षणीय इटली आणि आपले डोळे

मराठीतील बहुतेक वाङ्मयप्रकारांची समीक्षकांनी आजवर कसून झडती घेतलेली आहे. कादंबरीला त्यांनी वास्तवाचा जाब विचारला, नवकवितेला दुर्बोधतेचा विचारला आणि लघुनिबंधाला तर इतके प्रश्न विचारले की तो बिचारा घर सोडूनच गेला. प्रवासवर्णन मात्र या झडतीतून नेहमी सुटत आले आहे. परगावाहून आलेल्या पाहुण्याला आपण पाणी देतो, चहा देतो, त्याच्या पिशवीतला पेढा तोंडात टाकतो आणि तो सांगेल ते कौतुकाने ऐकून घेतो. त्याची उलटतपासणी करणे आपल्या घरंदाजपणाला शोभत नाही. प्रवासवर्णन हे असे पाहुणे आहे. दिवाळी अंकात कथा, कविता, व्यंगचित्रे आणि राशिभविष्य यांच्या पंगतीला त्याचे एक पान हमखास मांडलेले असते, आणि घरातली आजीपासून नातवापर्यंतची सारी माणसे ते पान आवडीने वाचतात.

ते आवडीने वाचले जाते म्हणूनच त्याची झडती घ्यायला हवी असे मला वाटते. कारण आता हे लेखन नुसते वाचण्यापुरते उरलेले नाही. एके काळी मराठी वाचक युरोपचे वर्णन वाचून युरोप पाहिल्याचे समाधान मानी. आज तोच वाचक ते वाचून खरोखरच युरोपला जातो. मी नव्या मुंबईत बोनकोड्याला राहतो. कोपरखैरण्याच्या सेक्टरांनी चहूकडून वेढलेले हे जुने गाव. आमच्या आसपासच्या इमारतींतून आणि गावठाणातूनही दर उन्हाळ्यात दोनचार कुटुंबे युरोपच्या सहलीला निघतात. त्यात निवृत्तीच्या पैशातून निघालेले शिक्षक असतात, मुलाच्या आग्रहाखातर प्रथमच विमानात बसणाऱ्या आया असतात. आयुष्याची पुंजी मोडून माणूस आठदहा दिवसांत एक देश पाहायला जातो, तेव्हा काय पाहावे आणि कसे पाहावे हे त्याला कोणी शिकवले, हा प्रश्न वाङ्मयाचा तर आहेच, पण संसाराचाही आहे. आणि त्याला ते शिकवलेले असते आपल्या प्रवासवर्णनांनी.

उदाहरणादाखल इटली घेऊ. युरोपातल्या सगळ्या देशांत मराठी माणसाला हौसेने पाहावासा वाटणारा हा देश, आणि आपल्या नेहमीच्या प्रवासवर्णनांचा ठरीव साचाही याच देशाच्या वर्णनात स्पष्ट दिसतो. रोमला आरंभ करायचा. इ. स. ८० मध्ये खुले झालेले कोलोसियम, व्हॅटिकनमधले सिस्टाइन चॅपेल, त्याचे मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगवलेले छत आणि १७६२ साली पुरे झालेले त्रेव्हीचे कारंजे. त्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकायचे. मग फ्लॉरेन्स, तेथे ब्रुनेलेस्कीचा १४३६ मध्ये पुरा झालेला घुमट आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड. मग पिसा, आणि ११७३ मध्ये पाया घातल्यापासून आठशे वर्षे पडू पडू म्हणत न पडलेला तो मनोरा. शेवटी शंभराहून अधिक बेटांवर वसलेले व्हेनिस आणि त्यातली गोंडोला. झाली इटली! आणखी दोन दिवस हाताशी असले तर कोमोचे सरोवर, नाही तर नेपल्सच्या खालचा अमाल्फीचा किनारा.

या यादीत वाईट काहीच नाही. या गोष्टी जगाने नावाजल्या त्या काही उगाच नव्हेत. सिस्टाइन चॅपेलच्या छताखाली मान दुखेपर्यंत वर पाहत उभे राहावे असेच ते छत आहे. शिवाय तेथे छायाचित्र काढायला बंदी असल्यामुळे माणसाला नाइलाजाने का होईना, डोळ्यांनी पाहावे लागते. यादीत न बसणारी इटलीही थोडीथोडकी नाही. तस्कनीच्या टेकड्यांवरचे सिएना, संत फ्रान्सिसचे असिसी, समुद्राच्या कड्याला घरटी बांधावीत तशी पाच गावे असलेले चिंक्वे तेर्रे, संध्याकाळच्या उन्हात गुलाबी होणारे उत्तरेचे डोलोमाइट पर्वत, आणि ग्रीक, अरब, नॉर्मन अशा साऱ्यांचे राज्य पाहिलेले सिसिली बेट. सवड असेल त्याने ही सारी स्थळे अवश्य पाहावीत. माझा आक्षेप यादीवर नसून यादीला वर्णन समजण्यावर आहे.

आपल्या सामान्य प्रवासवर्णनाचा तपशील पाहा. त्यात तीन गोष्टी आलटून पालटून येतात. पहिली माहिती. ती गाइडने सांगितलेली असते, आणि लेखकाने ती वहीत उतरवून घेतलेली असते, म्हणून वाचकालाही ती सोसावी लागते. दुसरी विशेषणे. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’, ‘डोळ्यांचे पारणे फेडणारे’ हे शब्द आपण इतके वापरले आहेत की आता ते गुळगुळीत नाण्यासारखे झाले आहेत; त्यांवरचा छाप पुसला गेला आहे आणि ते कोणत्याही देशात चालतात. महाबळेश्वरसाठी लिहिलेला परिच्छेद उचलून कोमोच्या काठी ठेवला तरी त्याला सर्दी होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे हळहळ. ‘हे आपल्याकडे असते तर!’ या एका उद्गारात लेखक परदेशाचे कौतुक, स्वदेशाची चिंता आणि स्वतःची विद्वत्ता ही तिन्ही कामे उरकून घेतो. या तिहींत एकच गोष्ट नसते, ती म्हणजे पाहणारा माणूस. आपण कोण आहोत, कोठून आलो, या दगडाशी आपले काय नाते, हे लेखकाला ठाऊक नसते, निदान तो ते सांगत तरी नाही. मग ते वर्णन मराठीत लिहिले काय आणि फिनिश भाषेत लिहिले काय!

मराठी प्रवासवर्णन मुळापासून असे नव्हते. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो प्रेक्षणीय स्थळे पाहायला गेले म्हणून नव्हे. ते दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. त्यांच्यापाशी यादी नव्हती, गरज होती. म्हणून त्यांना जे दिसले ते आजही आपल्याला दिसते. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चे. एका तरुण विधवेने समुद्र ओलांडणे हीच त्या काळी एक घटना होती, आणि त्या लेखनामागे तेवढी धडपड उभी आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले. त्याचे नावच पाहा. लंडनच्या धुक्यातून निघून मॉस्कोच्या ताऱ्याकडे जाणारा हा प्रवासी मनात एक प्रश्न घेऊन निघाला होता. प्रवासवर्णन माहितीच्या बैठकीवरून उठवून व्यक्तिमत्त्वाच्या बैठकीवर बसवण्याचे श्रेय काणेकरांना देतात ते योग्यच आहे.

त्यानंतर गंगाधर गाडगीळांनी ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) मध्ये मनावर उमटलेले ठसे हाच प्रवासाचा खरा ऐवज मानला. काय पाहिले यापेक्षा पाहताना मनाचे काय झाले याला त्यांच्या लेखी मोल आहे. आणि पुढच्याच वर्षी पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आली. पु. लं.नी युरोपात एक मराठी मध्यमवर्गीय माणूस नेऊन उभा केला आणि त्याच्या कौतुकासकट, बावरण्यासकट, जिभेच्या चोचल्यांसकट त्याला हिंडवले. थट्टा करायची ती प्रथम स्वतःची, ही त्यांची शिस्त होती. त्यामुळे त्यांचा प्रवासी परक्या देशापुढे लाचार होत नाही आणि त्याच्या अंगावरही धावून जात नाही. अलीकडच्या काळात मीना प्रभूंनी ‘रोमराज्य’ लिहून एकट्या इटलीला दोन भाग दिले. आठ दिवसांत देश उरकणाऱ्या जमान्यात एका देशापाशी इतके थांबणे हीच मुळी एक भूमिका आहे, आणि मराठी वाचकाने त्या थांबण्याचे ऋण मानले पाहिजे.

म्हणजे परंपरा दुबळी नाही. झाले ते असे की या थोरांचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यांचे कपडे तेवढे उचलले. काणेकरांच्या मागून आलेल्यांनी ‘मी’ घेतला, पण प्रश्न घेतला नाही. पु. लं.च्या मागून आलेल्यांनी विनोद घेतला, पण तो विमानतळावरच्या सामानावर आणि परदेशातल्या न्याहारीवर खर्च केला. परदेशाशी नाते जोडण्याचे जे अवघड काम होते ते बाजूलाच राहिले. इटलीच्या बाबतीत ही उणीव मला फार जाचते, कारण त्या देशाशी मराठी माणसाचे नाते आधीच जोडले गेलेले आहे. ते जोडणारे धागे नेहमीच्या सहलीच्या वाटेपासून फारसे दूरही नाहीत. त्यांतले तीन येथे सांगतो.

पहिला धागा पिसाचा. पिसाला गेलेला प्रत्येक मराठी माणूस हिरवळीवर उभा राहून, दोन्ही हात पसरून, तो कललेला मनोरा सावरल्याचे छायाचित्र काढून आणतो. त्यात गैर काही नाही. मनोरा आहेच गमतीचा. पण याच पिसा शहरात १० मार्च १८७२ रोजी जोसेफ मॅझिनी वारला. ज्या इटलीच्या एकीसाठी त्याने आयुष्य वेचले ती इटली एक झाली होती. पण राजा नको, प्रजासत्ताक हवे म्हणणारा हा माणूस आपल्याच देशात खोटे नाव घेऊन एका मित्राच्या घरी राहत होता. ज्या जागी तो वारला तेथे आज त्याचे स्मारक आणि ग्रंथालय आहे.

या मॅझिनीचा आणि आपला संबंध काय? १९०७ साली विनायक दामोदर सावरकरांनी मराठीत आणलेले मॅझिनीचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये बसून केलेले हे भाषांतर, त्याला जोडलेली ती गाजलेली प्रस्तावना, पुढे सरकारने केलेली त्याची जप्ती, हा सारा इतिहास आपल्या घरांतून सांगितला गेला आहे. मॅझिनीच्या ‘तरुण इटली’चा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून ‘अभिनव भारत’ उभी राहिली होती. योगायोग असा की गोडशांचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला तोही १९०७ सालीच. म्हणजे एकाच वर्षी मराठी वाचकाच्या हाती दोन प्रवास पडले. एक आपल्याच देशातल्या बंडाच्या आगीतून झालेला, आणि दुसरा एका परक्या देशाच्या बंडखोर मनातून. आपल्या आजोबापणजोबांच्या पिढीने इटली पहिल्यांदा पाहिली ती ही. त्यांना कोलोसियम कदाचित ठाऊक नसेल, पण मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे त्यांना घरच्यासारखी ठाऊक होती. त्यांची मते आज कोणाला पटोत वा न पटोत. पण ज्यांनी इटलीत पाऊलही ठेवले नाही त्यांच्यापाशी इटलीविषयी एक ओढ होती, आणि जे आज पिसाला जाऊन येतात त्यांच्यापाशी एक छायाचित्र असते, हे सांगताना मला बरे वाटत नाही.

दुसरा धागा फ्लॉरेन्सचा. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठी काशिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. उफ्फीत्सीची चित्रे, घुमट आणि डेव्हिड यांच्या धावपळीत तिकडे कोणी फिरकत नाही. उद्यानाच्या अगदी टोकाला, जेथे मुन्योने नावाचा लहानसा प्रवाह आर्नोला मिळतो तेथे, एक छत्री उभी आहे. ही छत्री म्हणजे पावसातली नव्हे. आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या दहनभूमीवर बांधतात ती. तिच्याखाली फेटा घातलेल्या एका कोवळ्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते हेच.

१८७० साली ते युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंड पाहिले, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, मग युरोपच्या भूमीवरचे देश पाहत ते परतीच्या वाटेवर इटलीत आले. प्रकृती ढासळली होती. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. रोम इटलीच्या हाती येऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. कॅथलिक शहरात हिंदू राजाला अग्नी द्यायचा कोठे, असा पेच पडला. अखेर खास परवानगी घेऊन दोन प्रवाहांच्या संगमावर चिता रचण्यात आली. संगमच निवडला गेला हे ध्यानात घ्या. मुलखापासून हजारो कोस दूर, भाषा न कळणाऱ्या शहरात, त्या राजाबरोबरच्या माणसांनी आर्नो-मुन्योनेच्या काठी आपली पंचगंगा शोधून काढली. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे बांधला तेही हेच. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. त्या जागेवरून १९७८ मध्ये आर्नोवर एक मोठा पूल झाला, त्याचे नाव ‘त्या भारतीयाचा पूल’ अशा अर्थाचे आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या पुलावरून रोज जातात. आम्ही मात्र डेव्हिड पाहून बसमध्ये बसतो.

आणखी एक गोष्ट. राजाराम महाराजांनी या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती, इंग्रजीत. त्यांच्या मृत्यूनंतर कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादून १८७२ साली लंडनला प्रसिद्ध केली. म्हणजे एका मराठी राजाचे युरोपदर्शन त्याच्या हातून लिहिले गेले, तेही मराठीतल्या ‘इंग्लंडच्या प्रवासा’पूर्वी दहा-बारा वर्षे. एखाद्या घराण्यातला कर्ता मुलगा शिकून, जग पाहून परत येण्याच्या वाटेवर असावा आणि त्याऐवजी त्याची वही तेवढी परत यावी, असा हा प्रकार आहे. प्रवासवर्णनाच्या लेखकाला यापरते हृद्य स्थळ इटलीत दुसरे कोणते मिळणार आहे? पण ते ‘प्रेक्षणीय’ नाही. वेळापत्रकात त्याला जागा नाही.

तिसरा धागा उंब्रियाचा. रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या मधला हा डोंगराळ, हिरवा प्रदेश. सहलीची बस या बाजूने गेली तरी थांबते ती फार तर असिसीला. याच प्रदेशात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे. वय बावीस. त्यांच्या तुकडीतले सारे सोबती मशिनगनच्या माऱ्यात मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या मशिनगनवर चालून गेले आणि ती त्यांनी बंद पाडली. त्यानंतर शत्रूच्या गोळीने ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह कधी सापडला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनियो नदीवर अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधवांनी तसाच पराक्रम केला आणि ते जगले. इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक होते. त्यांतले ५,००० हून अधिक परत आले नाहीत.

माणगाव आमच्या बोनकोड्यापासून काही फार दूर नाही. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना वाटेतच लागते. त्या माणगावच्या वाटेने आपण शेकडो वेळा जातो. आणि तिकडे उंब्रियातल्या मोंतोने या लहानशा गावाने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. एकाच सूर्याखाली आपण सारे राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य तिच्यावर आहे. पळसगावच्या पोराची आठवण इटलीतल्या खेड्याने ऐंशी वर्षे उलटत आली तरी ठेवावी, आणि त्या खेड्याचे नाव आपल्या एकाही शेजाऱ्याच्या सहलीच्या कागदावर नसावे, याला काय म्हणावे? मोंतोने तसे दिसायलाही सुंदर आहे; टेकडीवरचे, तटबंदीचे, अरुंद गल्ल्यांचे. यादी करणाऱ्यांच्या कसोटीलाही ते उतरेल.

आता कोणी म्हणेल की परक्या देशात जाऊन आपलीच माणसे शोधत बसायचे, ही संकुचित वृत्ती नव्हे का? इटली पाहायला जायचे ते इटलीसाठी. कोल्हापूर आणि माणगाव पाहायला इतके तिकीट कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण नाते हे घर नव्हे, दार आहे. राजाराम महाराजांच्या छत्रीपाशी उभा राहिलेला मराठी माणूस तेथेच थांबणार नाही. रोम मिळाले त्याच वर्षी राजधानीच्या शहराने एका परधर्मी तरुणाला नदीकाठी अग्नी कसा देऊ दिला, हे विचारता विचारता तो त्या काळच्या इटलीपर्यंत पोचेल. आणि तेथून मागे वळून पाहील तेव्हा घुमट आणि डेव्हिड त्याला निराळे दिसतील. अपरिचिताकडे जायला ओळखीची एक पायरी लागते. ती नसली की माणूस बाहेरूनच भिंती पाहून परत येतो.

आणि ही पायरी इतिहासाचीच असली पाहिजे असेही नाही. आमच्या गावठाणातल्या एक वयस्क बाई मुलासुनेबरोबर युरोपला जाऊन आल्या. व्हेनिसमध्ये काय पाहिले असे त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी गोंडोलाचा उल्लेखही केला नाही. रिआल्तोच्या पुलाजवळ मासळीबाजार भरतो. मंडळी पुलावर छायाचित्रे काढत होती तेव्हा या तेथे गेल्या होत्या. माकुळ तिकडे शाईसकट विकतात आणि त्या काळ्या शाईत भात शिजवतात, तिसऱ्या आपल्याकडच्याहून लहान असतात, विकणारे सारे पुरुष आणि ओरडतात मात्र आपल्या बायकांसारखे, बर्फावर मासा असा मांडतात की शिळा असला तरी ताजा दिसावा, असे त्या दहा मिनिटे सांगत होत्या. ठाण्याच्या खाडीकाठी आयुष्यभर मासळी निवडलेल्या डोळ्यांना व्हेनिसही एक खाडीकाठचे गाव दिसले. आणि ते खरेच तसे आहे. मीठ आणि मासळी यांवरच त्या शहराने प्रथम बाळसे धरले. राजवाडे मागून आले. पुस्तकी माणसाला हे वाचून कळते, बाईंना ते पाहून कळले. त्यांनी लिहिले असते तर मराठीला व्हेनिसचे एक अस्सल पान मिळाले असते. व्हेनिसच्या जुन्या शहरात आज ५०,००० सुद्धा रहिवासी उरलेले नाहीत, आणि २०२४ पासून काही ठरावीक दिवशी नुसते पाहून जाणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतात. ज्या शहरात पाहणारेच उरतात आणि राहणारे जातात, त्या शहरात मासळीबाजाराकडे वळलेली ही एक बाई मला खरी प्रवासी वाटते.

‘प्रेक्षणीय’ हा शब्द कसा घडतो याचे इटलीतच एक मासलेवाईक उदाहरण आहे. दक्षिणेत मातेरा नावाचे गाव आहे. दगडाच्या कड्यात कोरलेल्या गुहांतून तेथे माणसे हजारो वर्षे राहत आली. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या गुहांतून माणसे, गाढवे आणि कोंबड्या एकत्र नांदत होत्या. रोगराई होती, दारिद्र्य होते. ही राष्ट्राची लाज आहे असे पुढाऱ्यांनी ठरवले आणि १९५२ मध्ये कायदा करून सुमारे १५,००० लोकांना नव्या वसाहतींत हलवायचे ठरले. १९९३ मध्ये त्याच ओस पडलेल्या गुहांना जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. ज्या गुहेतून माणूस हलवला तिच्यात आता प्रवासी पैसे मोजून रात्र काढतो! दगड तोच, अंधारही तोच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

बोनकोड्यात राहणाऱ्याला हे वाचताना स्वस्थ बसवत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातली शेते नि मिठागरे नव्या शहरासाठी गेली. गावठाणे राहिली, सेक्टरांच्या आकड्यांमध्ये अडकून. अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी घरे, मध्ये देऊळ. नव्या शहराचा नकाशा वाचणाऱ्याला ही अडचण दिसते. पण अशाच अरुंद गल्ल्या, अशीच खेटलेली घरे आणि मध्ये चर्च असलेले इटलीतले गाव दिसले की तोच माणूस ‘किती सुंदर!’ म्हणून उभा राहतो. दोन्ही गावे सारखीच आहेत असे मी म्हणणार नाही. तिकडे शतकांची डागडुजी आहे, इकडे अर्ध्या शतकाची ओढाताण आहे. पण एका गावाकडे पाहताना आपण डोळे उघडतो आणि दुसऱ्याकडे पाहताना मिटतो, हे तर खरे? प्रवासवर्णनाने काही शिकवायचे असेल तर ते हेच, की परदेशात उघडलेले डोळे परतल्यावर मिटू नयेत. ‘हे आपल्याकडे असते तर’ म्हणून हळहळणाऱ्या लेखकाला आपल्याकडे काय आहे याचा पत्ता असतोच असे नाही.

तेव्हा इटलीवर लिहू पाहणाऱ्यांना माझे मागणे फार नाही. कोलोसियमची उंची न सांगितलीत तरी चालेल; ती कोठेही मिळते. विशेषणे घरी ठेवून निघा. सामानाचे वजनही कमी होईल. पण कोठे तरी, एखाद्या गल्लीत, बाजारात किंवा थडग्यापाशी, तुमचे तुम्ही थांबा आणि तेथे तुम्हांला काय झाले ते सांगा. आणि जाणाऱ्यांना मागणे असे की सहल नेणाऱ्यांना विचारून तर पाहा, फ्लॉरेन्सला अर्धा तास जास्त मिळेल का म्हणून. काशिने उद्यानाच्या टोकाला जायला तेवढा वेळ पुरतो. जाताना एखादे फूल न्यावे. वीस वर्षांचा एक मुलगा तेथे दीडशे वर्षांहून अधिक काळ घरच्या माणसांची वाट पाहत बसला आहे, असे म्हटले तर ते काव्य होईल. पण तेथे मराठीतून कोणी दोन शब्द बोलले तर त्या जागेला ते परके वाटणार नाहीत, एवढे म्हणायला हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुढच्या उन्हाळ्याचे बेत ठरतात. फराळाच्या ताटाशेजारी सहलींची रंगीत पत्रके पसरलेली असतात आणि घरात मते दिली जातात. आजीला अमुक हवे, मुलांना तमुक हवे. त्या पत्रकाच्या कोऱ्या समासात पेन्सिलीने तीन नावे लिहून ठेवावीत: पिसातले मॅझिनीचे घर, काशिनेची छत्री, मोंतोनेची सूर्यघटिका. तिन्ही जमतील असे नाही. एक जमले तरी इटली परकी राहणार नाही. आणि परतल्यावर कोणी त्यावर लिहिलेच, तर पुढच्या दिवाळीत प्रवासवर्णनाच्या या लाडक्या पाहुण्याला ‘या, बसा, आता खरे काय ते सांगा’ असे म्हणायला आपण मोकळे.